अकरा रिंगा

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिघी बायका कुलपांच्या एका दुकानासमोर उभ्या होत्या, आणि यांना कुलूप हवंय की किल्ली हे दुकानदाराला काही केल्या कळत नव्हतं.

"हीच पायरी," कंपाउंडर म्हणाली. "इथेच धाकटी पडली आणि तिचा चष्मा फुटला."

"चष्मा नाही, चष्म्याची काच," हेडबाई म्हणाल्या. "डावी."

"तुम्ही बघायला बसायचात की पेपर तपासायला?"

"दोन्ही एकदम जमतं. सवय लागते."

"ताई, काय दाखवू?" दुकानदारानं शेवटी विचारलं.

"काही नको. तुमची पायरीच बघायला आलोय."

"मालिकावाल्या होय," असं म्हणून तो आत गेला आणि किल्ली घासायला लागला.

मालिकेत या जागी धाकटीचं शिवणाचं दुकान होतं. शिवणयंत्र ठेवलं होतं दाराकडे पाठ करून. उजेडाकडे पाठ करून कोण शहाणी शिवते, यावर टाचणीनं सहा वर्षं सगळ्यांचा जीव खाल्ला होता. आज ती त्याच जागेकडे बघत होती आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

"काय गं, टाचण्या आहेत का तोंडात?" कंपाउंडरनं विचारलं.

टाचणीचं नाव असं पडलं होतं. तीस वर्षं ती शिवणयंत्रावर बसत आली होती, आणि माप घेताना चार टाचण्या ओठांत धरून सगळ्यांशी बोलायची. कंपाउंडर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची. डॉक्टरला स्वतःलाच वाचता येत नसे ते अक्षर तिला लागायचं. हेडबाई शाळेच्या मुख्याध्यापिका. नोकरीतून निवृत्त झालेल्या, सवयीतून नाही.

आणि चौथी होती मुकादम. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात अठरा बायकांवर देखरेख करणारी. वाफेच्या आवाजावर आवाज चढवायची इतकी सवय की कानात सांगितलेली गोष्टही तीन घरं ऐकायची. हेडबाईंना सगळे अहो-जाहो करत. एकटी मुकादम "अगं ए हेडबाई, सरक तिकडे" म्हणायची, आणि हेडबाई सरकायच्या.

मुकादमला जाऊन सात महिने झाले होते. ही सहल तिची होती. चौकटीच्या वहीत तिनं आठही दिवस आखून ठेवले होते, चार खाटांची खोलीसुद्धा आधीच ठरवली होती. तिघी आल्या, चौथी खाट तशीच राहिली. टाचणीची खाट तिच्या शेजारची. आठ दिवस ती त्या खाटेकडे पाठ करून झोपली होती.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "मालिकेच्या जागा. एक, धाकटीचं दुकान. दोन, दवाखान्याचा जिना. तीन, दार. कुणी कितीही हट्ट केला तरी दार शेवटी."

टाचणीनं मनाशी ठरवलं होतं की दाराशी पोचायच्या आत सांगून टाकायचं. गेले सात महिने ती रोजच ठरवत होती. पण उद्या आपापल्या घरी गेल्यावर पुन्हा तोंड शिवलं जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काय सांगायचं होतं, ते कळायला आधी रिंगांची भानगड कळायला हवी.

मालिका लागायची सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला. चौघींची घरं एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. पहिला महिना मुकादमकडे जमून बघून झाला. कंपाउंडर पडद्यावरच्या प्रत्येक आजाऱ्याला औषध सांगायची, हेडबाई उच्चार सुधारायच्या, मुकादम पात्रांना शिव्या घालायची. मालिका काय चाललीय ते कुणालाच ऐकू यायचं नाही. मग हेडबाईंनी नियम घातला. प्रत्येकीनं आपापल्या घरी बघायचं. बोलावंसं वाटलंच तर फोनच्या रिंगा द्यायच्या. एक रिंग म्हणजे "बघितलंस का?" दोन म्हणजे "मी रडतेय." तीन म्हणजे "मी म्हटलं नव्हतं?" कुणाचाही फोन उचलायचा नाही, फक्त रिंगा मोजायच्या. मोजायला सोपं जावं म्हणून चौघींनी फोनला एकसारखी, जुन्या काळ्या फोनसारखी ट्रिंग ट्रिंग लावून घेतली.

चार रिंगा एकट्या मुकादमच्या. "दाराची कडी काढून ठेवलीय, संपल्यावर घरी या." घरी काही गोडधोड केलेलं असायचं, नाहीतर धुलाईखान्यातली एखादी खबर. चार आल्या की आपण एक परत द्यायची, म्हणजे "येते." सहा वर्षं हे चाललं. मुकादमच्या तीन रिंगा सगळ्यांत जास्त. दोन रिंगा टाचणीच्या आणि कंपाउंडरच्या. हेडबाईंनी सहा वर्षांत कुणाला कधी दोन रिंगा दिल्या नाहीत.

सात महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशीचा भाग साधासुधा नव्हता. चार वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेली थोरली परत आली होती आणि हिरव्या दाराच्या पाचव्या पायरीवर उभी होती. आत आई. आई दार उघडणार की नाही? दोन आठवडे मालिकेनं नुसतं ताणलं होतं. त्या संध्याकाळी थोरलीचा हात दारावर पडला, आणि टाचणीचा फोन वाजायला लागला. मुकादम.

टाचणीनं डोळे न हलवता मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. "आज काय केलंय बाई हिनं," असं मनात आलं. पाच. पाचाला काही अर्थच नव्हता. सहा, सात. तिला हसू आलं. मांडीवरची उशी घट्ट धरून ती फोनला म्हणाली, "मर मेले, बघू तरी दे."

अकरा रिंगा झाल्या आणि फोन थांबला. दार त्या दिवशी उघडलंच नाही.

संपल्यावर टाचणीनं उलटा फोन केला. मुकादमनं उचलला नाही. रुसली असेल, असं वाटलं. मुकादम रुसली की एक दिवस रुसायची. शिवाय टाचणीला सकाळपर्यंत सहा गणवेश द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमचे पडदे शिवून झाले होते ते घेऊन ती गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मुकादम कडी घातल्याशिवाय कांदासुद्धा चिरत नसे. आत, दाराजवळच्या खुर्चीत ती बसलेली होती. पायांत चपला, मांडीवर फोन. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी नाव सांगितलं आणि म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर..." पुढचं ते बोलले नाहीत. बोलले असते तर बरं, असं टाचणीला अजून वाटायचं. मुकादमचा मुलगा दूरदेशाहून चार दिवसांसाठी आला. जाताना त्यानं आईच्या फोनमधलं सगळं पुसून तो कुणाला तरी देऊन टाकला. म्हणजे त्या अकरा रिंगा जगात फक्त टाचणीच्या फोनात उरल्या होत्या, आणि तो फोन तिनं बटणांच्या डब्यात खाली घालून ठेवला होता.

हे सांगायचं होतं.

दवाखान्याचा जिना निघाला पाणीपुरवठ्याच्या कचेरीचा. टेबलामागच्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "तक्रारी मंगळवारी." आपली तक्रार नाही हे हेडबाईंनी त्याला दोन पूर्ण वाक्यांत समजावलं. त्यानं पेनानं जिना दाखवला. जिन्यात जुन्या फायलींचे गठ्ठे होते आणि एक मोडकी सायकल.

"इथे मामांना स्ट्रेचरवरून नेलं," कंपाउंडर म्हणाली. "सलाईनची बाटली धरली होती छातीच्या खाली. रक्त उलटं चढलं असतं बाटलीत. मी मालिकावाल्यांना पत्र लिहिलं होतं."

"उत्तर आलं?" हेडबाईंनी विचारलं.

"फोटो आला. मामांच्या सहीचा."

टाचणी हसली, आणि हसण्याच्या आडोशानं म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मुकादमचं."

कंपाउंडरनं चटकन मान फिरवली. "इथे नको."

"का?"

"नको म्हणते ना. किती कोंदट आहे इथे." आणि ती खाली उतरायला लागलीसुद्धा.

तेवढ्यात हेडबाईंचा फोन वाजला. बासरीचे सूर होते. परतीच्या बसवाल्याचा फोन, साडेपाचला निघणार म्हणून. टाचणीच्या मनात पहिल्यांदाच आलं की आठ दिवसांत तिघींतल्या कुणाच्याही फोनाला ती ट्रिंग ट्रिंग वाजली नव्हती. कंपाउंडरचा तर नुसता थरथरायचा. आपण नवा फोन घेऊन दुसरी रिंग का लावली, ते तिला माहीत होतं. या दोघींनी दुःखानं बदलली असेल, असं तिनं गृहीत धरलं.

दार सापडायला वेळ लागला. तीन माणसांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. शेवटी एका गल्लीच्या टोकाला ते दिसलं. हिरवं, रंगाचे पापुद्रे सुटलेलं, पितळी कडी लावलेलं, आणि खाली मोजून पाच पायऱ्या. तिघी थबकल्या. पडद्यावर ते केवढं तरी वाटायचं. इथे टाचणीनं हात वर केला असता तर चौकटीला लागला असता.

एक बाई गल्ली झाडत होती. यांच्या उभं राहण्यावरूनच तिनं ओळखलं.

"वाजवायचं असेल तर वाजवा," ती म्हणाली. "पुष्कळ जण वाजवतात. उघडत नाही ते."

"कुलूप आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"मागे भिंतच आहे. हे गोदाम आहे, याचं दार पलीकडच्या रस्त्यावर. मालिकेची माणसं आली, पायऱ्या बांधल्या, दार चिकटवलं. म्हणाली, काढून नेऊ. नेलं नाही. आता ते मीच पुसते." तिनं झाडू हातावर आपटला आणि पुढे सरकली.

कंपाउंडर पायऱ्या चढून वर गेली, दाराच्या फटीला डोळा लावला. "वीट आहे," ती म्हणाली. "मुकादम असती तर तिनं भिंतीलाही दोन शिव्या दिल्या असत्या."

कुणीच हसलं नाही. मग टाचणीनं सहज विचारलं, बोलायला काहीतरी हवं म्हणून, "शेवटी आईनं उघडलं का गं दार?"

"मला काय विचारतेस? तूच सांग."

"मी नाही बघितलं."

"नाही बघितलं म्हणजे?"

"त्या दिवसानंतर बघितलीच नाही मालिका. तू?"

कंपाउंडर दारावरचा एक पापुद्रा नखानं काढत राहिली. "मीपण नाही," ती म्हणाली.

दोघींनी हेडबाईंकडे बघितलं. हेडबाई खालच्या पायरीपाशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून. "मी टीव्ही भाचीला देऊन टाकला," त्या म्हणाल्या.

गल्लीत झाडूचा आवाज येत होता. टाचणी दुसऱ्या पायरीवर बसली. गुडघ्यांवर हात ठेवले आणि कपड्याचं माप सांगावं तशा आवाजात म्हणाली, "त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला होता. थोरली इथे उभी होती तेव्हा. अकरा रिंगा दिल्या. मी मोजल्या. नियम होता म्हणून उचलला नाही, असं स्वतःला सांगते. नियमाचं काही नाही. मला दार बघायचं होतं. मी तिला मर म्हणाले."

टाचणीनं वर बघितलं नाही. आता या दोघी निघून जातील, आणि जावंच त्यांनी, असं तिला वाटलं.

"किती वाजता?" कंपाउंडरनं विचारलं.

"सात एक्केचाळीस."

"मला सात एकोणचाळीसला आला." कंपाउंडर दाराला टेकून सावकाश खाली बसली. "तिला माझाच आठवणार ना पहिला. औषधवाली मी. मलाही अकराच. त्यापुढे तो आपोआप बंद पडतो, मी नंतर करून बघितलं. सव्वीस वर्षं लोक येऊन मला सांगतात, छातीत दुखतंय, हात जड झालाय. मी म्हणते, बसू नका, आधी दवाखाना गाठा. दुपारी तिनं मला विचारलं होतं, हात जड का वाटतो गं? मी म्हटलं, धुलाईखाना सुटला तरी बादल्या सुटत नाहीत तुझ्या." ती थांबली. "आणि फोन वाजला तेव्हा मी आवाज बारीक केला. टीव्हीचा नाही. फोनचा."

टाचणीनं हात मागे करून तिचं पाऊल धरलं. कंपाउंडरनं पाऊल काढून घेतलं. मग थोड्या वेळानं पुन्हा तिथेच ठेवलं.

"मला एक कळत नाही," टाचणी म्हणाली. "कडी काढलेली होती. इतकं होत होतं तर ती कडी काढायला कशाला उठली? सात महिने मी यावरच अडलेय."

हेडबाई अजून उभ्याच होत्या. त्या इतका वेळ गप्प कधीच राहिल्या नव्हत्या, हे दोघींच्या एकदमच ध्यानात आलं.

"हेडबाई," कंपाउंडर म्हणाली. "तुम्हाला आला होता?"

"हो."

"किती?"

"चार."

झाडणाऱ्या बाईनं पलीकडे बादली आपटली.

"मोजून चार," हेडबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच सरळ होता. "तुम्ही दोघींनी उचलला नाही. मीही उचलणार नाही हे तिला माहीत होतं. नियम मीच केला होता. मग तिनं नियमातच सांगितलं. कडी काढली आणि चार दिल्या."

"आणि तुम्ही?" कंपाउंडरनं विचारलं.

"मी एक परत दिली."

टाचणीच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली. दाराजवळ ओढलेली. पायांतल्या चपला.

"येते म्हणून," हेडबाई म्हणाल्या. "सवयीनं दिली. चार आल्या की एक द्यायची. मग संपल्यावर उठले तर गुडघा धरला होता. मी म्हटलं, या दोघी गेल्याच असतील, माझ्यासाठी अडायचं नाही. गोड तर मला वर्ज्यच आहे." त्यांनी पर्सचा बंद उघडला, पुन्हा लावला. "मी एक दिली नसती तर तिनं शेजारच्यांना हाक मारली असती. तिच्या हाकेनं तीन घरं उठायची. तिनं मारली नाही. कुणीतरी येतंय म्हणून चपला घालून बसून राहिली."

"बास करा," कंपाउंडर म्हणाली.

"सात महिने मी हेच..."

"बास करा म्हटलं ना हेडबाई." कंपाउंडर उठली, पायऱ्या उतरली आणि त्यांच्याकडे न बघता गल्लीतून चालायला लागली. तिची पाठ हलत होती. कोपऱ्यावर पोचल्यावर ती थांबली, पण वळली नाही.

टाचणीला काहीतरी बोलायला हवं होतं. तुमची चूक नाही, असं म्हणता आलं असतं. पण हेच वाक्य सात महिने तिला स्वतःला कुणाकडून तरी हवं होतं, आणि आता कळत होतं की ते मिळालं असतं तरी त्याचा काही उपयोग नव्हता. मुकादमनं आपल्या तिघींना हाक मारली. तिघींनी ती ऐकली आणि मोजली. चूक तिघींत वाटून घेतली म्हणून ती हलकी होईना, उलट आता प्रत्येकीकडे बाकीच्या दोघींचीही आली होती.

झाडणारी बाई परतताना त्यांच्यापाशी थांबली. "फोटो काढून देऊ का?"

"नको," टाचणी म्हणाली. मग विचारलं, "मावशी, तुम्ही बघत होतात का मालिका?"

"बघत होते की."

"दार उघडलं का हो शेवटी?"

"उघडलं ना. लगेच दुसऱ्या दिवशी." बाईनं दाराच्या कडीवरून फडकं फिरवलं. "आई म्हणाली, मला वाटलं वारा आहे."

बस साडेपाचला सुटली. मागे बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. कंपाउंडर चढली ती थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसली. हेडबाई पुढे, चालकामागे. टाचणी मधेच कुठेतरी, मांडीवर मुकादमची वही घेऊन. शेवटच्या पानावर "दार शेवटी" या शब्दांखाली मुकादमनं दोनदा रेघ ओढली होती. पेन इतकं दाबलेलं की पानाच्या मागून बोट फिरवलं तरी रेघ लागायची. टाचणीनं बराच वेळ बोट फिरवलं.

बाहेर अंधारून येत होतं. चालकानं आतला एक दिवा लावला. कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. टाचणीनं घड्याळ बघितलं तर साडेसात वाजायला दोन मिनिटं कमी होती. सहा वर्षांची सवय, अंगातून जात नव्हती.

साडेसातला तिचा फोन वाजला. पडद्यावर हेडबाईंचं नाव. एक रिंग. दोन. आणि बंद.

टाचणीला समजायला क्षणभर लागलं. दोन. हेडबाईंकडून.

पुढे, चालकामागच्या बाकावर, पांढऱ्या केसांचा नीट घातलेला अंबाडा ताठ होता. बस खड्ड्यातून गेली तरी तो हलला नाही.

टाचणी उठली. बस डुलत होती, म्हणून एकेका बाकाची पाठ धरत ती पुढे सरकली. दोन बाकं झाली असतील, तोच मागून कुणीतरी तिच्या खांद्याला घासून पुढे गेलं. कंपाउंडर. तिचा फोन हातातच होता, नुसता थरथरणारा. नाक लाल होतं. टाचणीकडे तिनं बघितलंही नाही. ती सरळ पहिल्या बाकाशी गेली आणि हेडबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरक," ती म्हणाली. "सरक गं तिकडे."

हेडबाईंनी तोंडाशी धरलेला रुमाल काढला नाही. त्या खिडकीकडे सरकल्या. बाक दोघींचंच होतं. टाचणी वरचा दांडा धरून शेजारी उभी राहिली.